पोथींतील गेरू आणि वेबचें पान

ज्या घरांत जुनी हस्तलिखित पोथी अजून जपून ठेविलेली आहे, त्या घरच्या माणसांस एक गोष्ट नव्यानें सांगावयास नको. पोथीचीं पानें काळ्या शाईनें भरगच्च लिहिलेलीं असतात. शब्द शब्दाला लागून, ओळ ओळीला लागून, मध्यें श्वास घ्यावयास म्हणून जागा नाहीं. परंतु मधून मधून श्लोकाचा आंकडा, कोणा वक्त्याचें ‘उवाच’, अध्यायाच्या शेवटची ‘इति श्री’ एवढ्यांवर तांबड्या गेरूचा हात फिरविलेला दिसतो. लेखकाच्या हातून अक्षर चुकलें असेल तर त्यावर पिवळी हरताळ लावलेली असते. ‘हरताळ फासणें’ हा आपल्या नित्याच्या बोलण्यांतील वाक्प्रचार तेथूनच आला. राहून गेलेला शब्द समासांत लिहून ओळींत बारीकसें काकपद काढलेलें असतें. हा गेरू, ही हरताळ, तें काकपद मोठ्यानें कोणी वाचीत नाहीं. पुराणिकबुवा काळीं अक्षरें तेवढीं वाचतात. पण कोठें थांबावें, कोण बोलत आहे, काय गाळावें आणि काय मध्यें घालावें, हें सारें त्यांस त्या खुणाच सांगतात. खुणा म्हणजे मजकूर नव्हे. त्या मजकुराविषयींच्या सूचना होत.

हल्लीं घरांतील लहानथोर सर्वजण वेबचीं जीं पानें दिवसांतून दहा वेळां उघडतात, त्यांतील प्रत्येक पानाच्या पोटांत अशाच खुणा भरलेल्या असतात. फरक इतकाच कीं, पोथीचा गेरू डोळ्यांस दिसतो आणि वेबच्या खुणा पडद्याआड राहतात. या खुणांच्या पद्धतीस ‘मार्कअप लँग्वेज’ म्हणतात. या लेखापुरतें आम्ही तिला ‘खूणभाषा’ म्हणूं. विषय संगणकशास्त्र्यांचा आहे, तेव्हां त्याच्याशीं गृहस्थाश्रमी माणसाला काय करावयाचें, असें कित्येक वाचकांच्या मनांत येईल. आमचेंहि मत तसेंच होतें. गेल्या दिवाळींत तें बदललें, आणि कां बदललें तें सांगितल्यावांचून विषयास हात घालणें बरें नव्हे.

आजोबांची वही

आमचें मूळ घर हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाच्या वाटेवर आहे. भाऊबंद नांदेड, पुणें, मुंबई असे पांगले असले, तरी दिवाळीचे चार दिवस सर्वांचीं पानें एकाच पंक्तींत मांडलीं जातात. आमचे आजोबा शाळामास्तर होते. त्यांनीं पुठ्ठ्याच्या एका जाड वहींत घराण्याची हकीकत लिहून ठेविली आहे. तिचे चार भाग आहेत : पिढ्या, कुळाचार, शेतीवाडी आणि १९४८ साल. त्या सालीं हैदराबाद संस्थानांतील पुष्कळ कुटुंबें रझाकारांच्या भयानें हद्द ओलांडून वऱ्हाडांत गेलीं. आमच्या आजींनीं चार मुलांना घेऊन बैलगाडीनें वाशिम गांठलें. आजोबा घर सांभाळीत मागें राहिले. त्या रात्रीची हकीकत आजींच्या तोंडून ऐकून त्यांनीं दीड पानांत लिहिली आहे. आजी पुढें लवकरच वारल्या. त्यांच्याविषयीं लेखी असें घरांत काय तें एवढेंच.

त्या गाडींत बसलेलें सहा वर्षांचें मूल म्हणजे आमचे थोरले काका. आतां त्यांनीं ऐंशी ओलांडली आहे आणि काचबिंदूनें त्यांची दृष्टि पार नेली आहे. वही वाचून दाखविण्यास घरांत माणसें नाहींत असें नाहीं. पण प्रत्येक वेळीं कोणाला तरी हांक मारावी, त्याचें काम अडवावें, हें त्यांच्या मानी स्वभावाला रुचत नाहीं. त्यांच्या खोलींत संगणक आहे, आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखविणारी एन्.व्ही.डी.ए. नांवाची आज्ञावली त्यावर बसविलेली आहे. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें ती २००६ सालीं सुरू केली. ती कोणासहि फुकट मिळते. कळपाटीवरील एकेक कळ दाबीत काका तिच्याकडून वर्तमानपत्र ऐकतात.

धाकट्या भावाची मुलगी महाविद्यालयांत शिकते. तिनें मनावर घेतलें कीं पणजोबांची वही वेबवर, फक्त घरच्यांस उघडेल अशा जागीं, ठेवावयाची. पहिल्या दिवशीं तिनें सगळ्या पानांचीं छायाचित्रें काढलीं आणि चढविलीं. आजोबांचें तें वळणदार अक्षर पडद्यावर पाहून सर्वांना भरून आलें. काकांना खुर्चींत बसविलें. यंत्र म्हणालें, ‘ग्राफिक’. पुन्हां कळ दाबली, पुन्हां ‘ग्राफिक’.

“पुढें?” काकांनीं विचारलें.

“आजोबा, एवढेंच म्हणतें आहे तें.” पुतणी ओशाळली.

छायाचित्रांत अक्षरें असतात, पण तीं आपल्या डोळ्यांपुरतीं. यंत्राच्या लेखीं तें पान म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. चित्रांतील अक्षरें ओळखणारीं साधनें आतां निघालीं आहेत. परंतु जुन्या मराठी हस्ताक्षरापुढें त्यांचा भरंवसा धरवत नाहीं. तेव्हां पुतणीनें व तिच्या भावंडांनीं मिळून सारी वही चार दिवसांत टंकलिखित केली. प्रत्येक भागाचें नांव तिनें मोठ्या, जाड, तांबड्या अक्षरांत घातलें. या खेपेस यंत्र वाचूं लागलें, आणि वाचीतच राहिलें. मूळपुरुषापासून सुरुवात झाली. अमक्याचा मुलगा तमका, त्याच्या दोन बायका, तिला संतति नाहीं. अर्धा तास लोटला तरी पहिला भाग सरेना.

“अगं, सहस्रनाम झालें. आतां कथा कधीं लागायची?” काका म्हणाले.

“आजोबा, चौथ्या भागावर उडी मारा ना. मी मथळे चांगले मोठे केले आहेत!”

“मोठे तुला, बाळ. मला अंधारांत मोठें काय आणि लहान काय?”

या एका वाक्यांत खूणभाषेचें सारें शास्त्र आलें आहे.

खूण कशाची करावी

पुतणीनें काय केलें होतें? तिनें यंत्राला सांगितलें होतें, ‘हीं अक्षरें मोठीं, जाड व तांबडीं दाखव.’ यंत्रानें तसें दाखविलें. ‘हा मथळा आहे’ असें तिनें सांगितलेंच नव्हतें. डोळस मनुष्य अक्षराच्या आकारावरून मथळा ओळखतो, कारण जन्मभर छापील पुस्तकें पाहून तो संकेत त्याच्या अंगवळणीं पडला आहे. यंत्राला तशी संवय नाहीं. त्याला जें सांगावें तेवढेंच कळतें.

वेबच्या पानांची जी खूणभाषा आहे तिचें नांव हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज, संक्षेपानें एच्.टी.एम्.एल्. तिच्यांतील खूण दोन कोनी कंसांत लिहितात. खुणांचीं नांवें प्रत्यक्षांत रोमन अक्षरांत असतात. वाचकांच्या सोयीसाठीं तीं आम्ही येथें मराठींत देतों :

‹मथळा› चौथा भाग : १९४८ साल ‹/मथळा›

‹परिच्छेद› श्रावणांत पाऊस लागून राहिला होता. ‹/परिच्छेद›

पहिली खूण ‘येथून मथळा सुरू’ असें सांगते. तिरकी रेघ असलेली दुसरी खूण ‘येथें मथळा संपला’ असें सांगते. मथळ्याची खरी खूण ‘एच्’ या अक्षराची असून तिच्यापुढें १ ते ६ पैकीं आंकडा घालतात : १ म्हणजे साऱ्या पानाचें शीर्षक, २ म्हणजे भाग, ३ म्हणजे पोटभाग, याप्रमाणें. परिच्छेदाची खूण ‘पी’. यादीला, कोष्टकाला, अवतरणाला, चित्राला, एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या दुव्याला अशा निरनिराळ्या खुणा आहेत. एका खुणेच्या पोटांत दुसरी बसते. डब्यांत डबा बसवावा तशी. आंतला डबा आधीं मिटावा आणि मग बाहेरचा, एवढें पथ्य पाळावें लागतें. वेबचें पान उघडणारी आज्ञावली, म्हणजे ब्राउझर, या खुणा वाचते व आपल्यासमोर नुसता मजकूर मांडते. पुराणिकबुवा गेरू पाहतात पण उच्चारीत नाहींत, तसेंच हें.

ही कल्पना आमच्या भागाला परकी नाहीं. औंढ्याच्या देवळाच्या धाटणीस आपण हेमाडपंती म्हणतों. तें नांव ज्याच्यावरून पडलें तो हेमाद्रि तेराव्या शतकांत देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरीं मोठा अधिकारी होता. सरकारी लेखनाचे नियम सांगणारें ‘मेस्तक’ परंपरेनें त्याच्याच नांवावर सांगितलें जातें. कोणास कोणता मायना, कागदाचा कोणता भाग कोठें, हें ठरलेलें असलें म्हणजे फडावरचा कारकून मजकूर न वाचतांहि कागद कोणत्या दप्तरांत बांधावयाचा तें जाणतो. पुढें मराठेशाहींतील पत्राच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा उमटवूं लागले : येथें मजकूर संपला, याखालीं कोणी कांहीं लिहील तर तें आमचें नव्हे. खूणभाषेंतील तिरक्या रेघेची खूण हेंच काम करते. ती लावावयाची राहिली कीं पुढचा सारा मजकूर मथळ्यांत जमा होतो.

वकील आणि पदार्थवैज्ञानिक

संगणकावर हा विचार पद्धतशीर रीतीनें मांडला तो एका वकिलानें, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. चार्ल्स गोल्डफार्ब हे अमेरिकेंत आय्.बी.एम्. कंपनीच्या नोकरींत होते. कायद्याचीं कागदपत्रें एका आज्ञावलीनें लिहावीं, दुसरीनें शोधावीं, तिसरीनें छापावीं असा बेत होता. पण प्रत्येक आज्ञावलीची बोली निराळी, त्यामुळें एकीचा कागद दुसरीला कळेना. तेव्हां गोल्डफार्ब यांनीं एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी या सहकाऱ्यांसह १९६९ सालीं एक तोड काढली. कागद कसा दिसावा हें त्यांत लिहूंच नये; त्याचा कोणता भाग काय आहे एवढेंच लिहावें. मग जिला छापावयाचें आहे ती आपल्या रीतीनें छापील, जिला शोधावयाचें आहे ती शोधील. तिघांच्या आडनांवांचीं आद्याक्षरें जुळावींत असें त्या पद्धतीचें नांव ठेविलें : जी.एम्.एल्. तिचीच वाढ होऊन १९८६ सालीं एस्.जी.एम्.एल्. ही आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेली खूणभाषा झाली.

यानंतरची गोष्ट जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेंतील. पदार्थाच्या मूलकणांचा शोध घेणारे देशोदेशींचे शास्त्रज्ञ तेथें जमतात, कांहीं वर्षें काम करितात आणि परत जातात. प्रत्येकाचें यंत्र वेगळें, टिपणें वेगळ्या ठिकाणीं. एकाचें लिहिलेलें दुसऱ्यास सांपडावें तरी कसें? टिम बर्नर्स-ली यांनीं मार्च १९८९ मध्यें या अडचणीवर एक योजना लिहून दिली, आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर व पहिलें पान तयार झालें. १९९१ सालीं त्यांनीं आपल्या खुणांची यादी प्रसिद्ध केली. तींत अवघ्या अठरा खुणा होत्या. त्यांतील पुष्कळशा सर्नमध्यें आधींपासून चालत आलेल्या एस्.जी.एम्.एल्. च्या एका प्रकारावरूनच उचललेल्या होत्या. नवी आणि मोलाची खूण दुव्याची. तिच्या योगानें एका देशांतील पान दुसऱ्या देशांतील पानाकडे बोट दाखवूं लागलें. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें हें सर्व कोणतेंहि मूल्य न घेतां जगास मोकळें करून दिलें.

येथें एक योग सांगावासा वाटतो. औंढा तालुक्यांत दुधाळा गांवाच्या शिवारांत ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा व्हावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें तिच्या सुमारें २६०० कोटि रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा आमच्या ज्वारी-कापसाच्या प्रदेशांत पसरतील, आणि अमेरिकेंतील अशाच वेधशाळांशीं तिचें काम जोडलें जाईल. दूरदूरच्या शास्त्रज्ञांनीं एकमेकांचे कागद वाचावे कसे, या ज्या निकडींतून वेबचा जन्म झाला, तीच निकड ज्या विद्येला जन्मजात आहे ती आतां नागनाथाच्या शेजारीं येत आहे. आमच्या गांवच्या मुलांना तेथील पानें वाचतां यावींत, इतकेंच नव्हे तर लिहितां यावींत, अशी इच्छा कोण धरणार नाहीं?

मुंडावळ्या बांधल्यानें वर होत नाहीं

वेब लोकांच्या हातीं गेलें तेव्हां मूळच्या साध्या नियमाचा विसर पडूं लागला. १९९३ सालीं निघालेल्या मोझेइक ब्राउझरनें मजकुराच्या मांडींत चित्रें बसविलीं आणि लोक वेबवर लोटले. दुकानदारांस रंग हवे होते, स्तंभ हवे होते, लहानमोठीं अक्षरें हवीं होतीं. मग नुसत्या रूपाच्या खुणा निघाल्या : अमका रंग, तमका आकार. आंकड्यांसाठीं असलेलें कोष्टक घेऊन त्याच्या घरांत चित्रें व मजकूर कोंबून पानें सजविण्याची प्रथा पडली. पान दिसावयास सुरेख, पण त्यांत मथळा कोणता, यादी कोणती, याचा यंत्रास थांग लागेना.

यावर उपाय म्हणून रूपाचा संसारच वेगळा थाटण्यांत आला. नॉर्वेचे हॉकोन विउम ली यांनीं १९९४ सालीं सुचविलेली आणि डिसेंबर १९९६ मध्यें प्रमाण म्हणून मान्य झालेली सी.एस्.एस्. ही ती पद्धति. मजकुराच्या पानांत ‘हा मथळा’ एवढेंच लिहावयाचें. ‘आमच्या येथें सर्व मथळे तांबडे व मोठे असतात’ हें वेगळ्या कागदावर. उद्यां तांबड्याचा निळा करावयाचा झाला तर तो कागद बदलला कीं शंभर पानें बदलतात. डिसेंबर १९९७ च्या एच्.टी.एम्.एल्. ४ मध्यें रूपाच्या खुणा त्याज्य ठरल्या, आणि ऑक्टोबर २०१४ मध्यें मान्य झालेल्या पांचव्या आवृत्तींत ‘हा मुख्य मजकूर’, ‘ही दिशादर्शक यादी’, ‘हा तळाचा भाग’ अशा अर्थाच्या नव्या खुणांची भर पडली. तात्पर्य आपल्या घरच्या भाषेंत सांगावयाचें तर, मुंडावळ्या बांधल्यानें कोणी वर होत नाहीं. वर आहे म्हणून मुंडावळ्या बांधावयाच्या.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे. १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा झाला. त्यानंतर चारच दिवसांनीं, ५ मे रोजीं, वेबचें प्रमाणीकरण करणाऱ्या जागतिक संस्थेनें अपंगांस सुगम अशीं पानें कशीं करावींत याचे पहिले नियम प्रसिद्ध केले. आपल्या देशांतहि सरकारी संकेतस्थळांसाठीं २००९ सालीं मार्गदर्शक तत्त्वें निघालीं, त्यांची तिसरी आवृत्ति २०२३ सालीं आली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें या सुगमतेस कायद्याचें बळ दिलें. तरीहि सहीशिक्क्याच्या कागदाचें चित्र काढून तें चढविलें म्हणजे काम झालें, ही संवय अजून ठिकठिकाणीं दिसते. आमच्याकडची हळद प्रसिद्ध आहे; वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. हळदीच्या भावफलकाचें छायाचित्र गांवोगांवच्या दूरध्वनींवर फिरतें. त्याऐवजीं तोच तक्ता कोष्टकाच्या खुणा लावून दिला आणि ‘किमान भाव’, ‘कमाल भाव’ या घरांस शीर्षघरांची खूण केली, तर ज्याला दिसत नाहीं त्याला यंत्र प्रत्येक आंकड्याआधीं त्याचें शीर्षक सांगतें, ज्याला दिसतें त्याला तो आंकडा शोधतां येतो, आणि मागल्या महिन्याचे आंकडे शेजारीं मांडतांहि येतात. खूण एक, फळें तीन.

मराठीच्या पानाचें पथ्य

आतां काकांच्या खोलींत परत जाऊं. पुतणीनें चारी भागांच्या नांवांस मथळ्याची खूण लावली, पिढ्यांची यादी यादीच्या खुणेंत घातली, आणि आजोबांच्या अक्षरांचीं छायाचित्रें काढून न टाकतां प्रत्येकास ‘या चित्रांत काय आहे’ हें सांगणारी ओळ जोडली. खुणा करतांना तिनें पानाचा वरचा भागहि नव्यानें लिहिला, आणि तेथेंच एक विघ्न आलें. यंत्र इंग्रजी आवाजांत बोलूं लागलें व देवनागरी अक्षरांशीं अडखळूं लागलें. पान कोणत्या भाषेंत आहे हें सांगावयाचें राहून गेलें होतें. पानाच्या अगदीं आरंभीं भाषा सांगण्याची सोय असते. मराठीसाठीं ‘एम्-आर्’ हीं दोन अक्षरें लिहावयाचीं असतात. तीं लिहितांच मराठी आवाज सुरू झाला. मध्यें एखादा उतारा संस्कृतांत किंवा इंग्रजींत असेल तर तेवढ्यापुरती निराळी भाषा सांगतां येते.

याच्याहि आधींचें एक पथ्य आहे तें लिपीचें. कांहीं वर्षांपूर्वीं वेबवरील मराठी पानें ज्याच्या त्याच्या खाजगी टंकांत असत. आंत संकेत रोमन अक्षरांचे आणि वर मुखवटा देवनागरीचा. तो टंक आपल्याजवळ नसला कीं पडद्यावर नुसती भुसभुशीत अक्षरांची माती. १९९१ सालच्या युनिकोडमध्यें देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले आणि हळूहळू ती दुर्दशा सरली. तरी जुन्या टंकांत लिहिलेले ग्रंथ, कुलवृत्तांत, स्मरणिका अनेक घरांतील संगणकांत पडून आहेत. त्यांचें युनिकोडांत रूपांतर करून ठेवणें हें वाळवी लागण्यापूर्वीं पोथी उन्हांत घालण्याइतकेंच निकडीचें काम आहे.

एच्.टी.एम्.एल्. च्या खुणा ठरलेल्या आहेत. त्यांत मूळांत आपल्या मनची खूण घालतां येत नसे. ज्यांस ती हवी त्यांच्यासाठीं १० फेब्रुवारी १९९८ रोजीं एक्स्.एम्.एल्. ही निराळी खूणभाषा प्रमाण ठरली. तिच्यांत खुणांचीं नांवें आपण ठेवावयाचीं, आणि तीं देवनागरींतहि चालतात. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलेलें नरसी आमच्याच जिल्ह्यांत आहे. त्यांच्या गाथेंत विष्णुदास नामा या मागाहूनच्या कवीचीं पदें मिसळलीं गेलीं आहेत, ही अभ्यासकांची जुनी डोकेदुखी. अशा गाथेंत ‹अभंग›, ‹चरण›, ‹नाममुद्रा›, ‹पाठभेद› अशा खुणा केल्या, तर कोणतें पद कोणत्या प्रतींत आहे आणि कोठें कोणती मुद्रा आहे याचा पडताळा क्षणांत काढतां येईल. पाश्चात्य देशांतील ग्रंथसंशोधकांनीं १९८७ पासून अशा खुणांचे नियम एकत्र बसून ठरविले आहेत. आपल्या संतवाङ्मयाला हें काम परकें नाहीं. पाठभेद नोंदणारा प्रत्येक जुना संपादक हेंच करीत आला.

घरच्या घरीं

हें शिकावयास फार सामग्री लागत नाहीं, हें वाचकांस मुद्दाम सांगतों. घरांतील कोणत्याहि संगणकावर साधा मजकूर लिहिण्याची आज्ञावली असतेच. तींत मजकूर व खुणा लिहाव्या, नांवाच्या शेवटीं टिंब देऊन ‘एच्.टी.एम्.एल्.’ जोडावें, आणि ब्राउझरनें उघडावें; पान तयार. त्यासाठीं इंटरनेटची जोडणीहि लागत नाहीं. आरंभाला पांच-सहा खुणा पुरतात : मथळा, परिच्छेद, यादी, दुवा, चित्र, कोष्टक. सुटींत आलेल्या नातवंडांनीं आजीजवळ बसून तिच्या हातच्या पदार्थांचीं प्रमाणें लिहून घ्यावींत. जिन्नसांस यादीची खूण, कृतीच्या पायऱ्यांस क्रमवार यादीची खूण. एका दुपारचें काम आहे. पानाची परीक्षा मात्र डोळे मिटून करावी. यंत्राकडून तें ऐकावें आणि नुसत्या कानांनीं हवी ती जागा सांपडते कीं नाहीं तें पाहावें. सांपडली तर खुणा बरोबर झाल्या.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं, घरांतील निम्मीं माणसें परत निघालीं असतांना, काका पुन्हां संगणकापुढें बसले. त्या आज्ञावलींत ‘एच्’ ही कळ दाबली कीं ती पुढच्या मथळ्यावर उडी घेते. काकांनीं ती पुन्हां पुन्हां दाबली. यंत्र म्हणत गेलें : पिढ्या, कुळाचार, शेतीवाडी, १९४८ साल. तेथें ते थांबले. मग खालच्या बाणाची कळ दाबून ओळीमागून ओळ ऐकूं लागले. दीड पान तें केवढें? पांचसात मिनिटांत संपलें. त्यांनीं मथळ्यावर परत जाऊन पुन्हां ऐकलें. या वेळीं कोणी हांकेस आलें नव्हतें, कोणाचें काम अडलें नव्हतें.

तिसऱ्यांदा ऐकतांना ते मध्येंच थांबले. “येथें चूक आहे. गाडीला कंदील लावला होता असें म्हणतात. कंदील होता, पण आईनें तो विझवला होता. मला अंधाराची भीति वाटली म्हणून तिनें माझा हात आपल्या पदरांत बांधला. दादा तेथें नव्हते. त्यांना कसें कळावें?”

पुतणीनें विचारलें, “मग तें वाक्य खोडूं का, आजोबा?”

“छे, दादांचें अक्षर खोडावयाचें नाहीं. माझें त्याखालीं लिही.”

एच्.टी.एम्.एल्. मध्यें गाळलेल्या मजकुराची एक खूण आहे आणि मागाहून घातलेल्या मजकुराची एक. पोथीच्या भाषेंत पहिली हरताळ, दुसरी काकपद. पुतणीनें पहिलीला हात लावला नाहीं. आजोबांच्या वाक्याखालीं तिनें दुसरी खूण उघडली, काकांचे शब्द जसेच्या तसे लिहिले, त्यांत त्या दिवसाची तारीख घातली आणि खूण मिटली. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ जें एका मुलाच्या मनांत होतें, तें आतां वहींत आपल्या जागीं आहे.